आजार टाळण्याच्या कामाला हक्काचा पैसा हवा

ठाण्यात सार्वजनिक आरोग्याचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन बाजूंनी सुरू होतो. एक बाजू विचारते, नव्या रुग्णालयाचं काय झालं, खाटा किती वाढल्या, आयसीयू चालू आहे का? दुसरी म्हणते, रुग्णालयं किती बांधाल, लोकांनाच शहाणं करायला हवं, जनजागृती करा. महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी हे ऐकू येतं, निवडणुकीच्या प्रचारात ऐकू येतं आणि सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर चहाचे कप हातात घेऊन रेंगाळणाऱ्या घोळक्यातही. पहिल्या बाजूला वाटतं, आजार टाळण्याचं काम म्हणजे भाषणबाजी, त्यावर पैसा घालवू नये. दुसरीला वाटतं, ते काम फारसा पैसा न लागताच होतं. पैशाचा प्रश्न दोघांच्याही बोलण्यातून गळतो आणि खरी गोम तिथेच आहे. माझं म्हणणं असं, की आजार टाळण्यासाठी आणि झालेला लवकर ओळखण्यासाठी वस्तीत वर्षभर राबणारी पगारी माणसं लागतात. त्यांच्यासाठी कायद्याने बांधून दिलेला, दरवर्षी कुणाच्या मर्जीवर न लटकणारा निधी लागतो. असा निधी उभा करण्याचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी पन्नास वर्षांपासून आहे, आणि आरोग्यासाठी तो आपण वापरलेला नाही.

खाटा मागणाऱ्यांची बाजू आधी घेतो, कारण ती पोकळ नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले. जिल्हा रुग्णालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी केलेली होती आणि कळव्यावरचा भार आधीच वाढलेला होता. ज्यांच्या घरातलं माणूस त्या रात्री गेलं, त्यांच्यापुढे व्यायामाचं महत्त्व सांगायला जाणं निर्दयपणाचं ठरेल. शेवटच्या घटकेला दाखल झालेल्याला ऑक्सिजन, डॉक्टर आणि खाट मिळालीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण शहापूर-मुरबाडपासून मुंब्र्यापर्यंत जी माणसं अशा अवस्थेत रुग्णालयाच्या दारात येतात, त्यांतली किती जणं दहा वर्षं न मोजलेला रक्तदाब घेऊन येतात? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे 10.1 कोटी आणि उच्च रक्तदाबाचे 31.5 कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. देशातल्या मृत्यूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक मृत्यू हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह यांसारख्या असंसर्गजन्य आजारांनी होतात. खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून येतात. राज्यातल्या साधारण चारातला एक प्रौढ तंबाखू वापरतो. 2016-17 च्या पाहणीत हे प्रमाण 26.6 टक्के होतं आणि त्यातले बहुतेक जण ती चघळणारे होते. या आकड्यांना पुरतील एवढ्या खाटा कोणतंही शहर कधी बांधू शकेल? ज्याला खाटांची खरी काळजी आहे, त्याने तर दाराबाहेरच्या रांगेची काळजी जास्त करायला हवी.

आता ते दाराबाहेरचं काम जवळून पाहू. जुलैतली सकाळ, लोकमान्यनगरची एखादी चाळ. आशाताई, म्हणजे वस्तीतली आरोग्य स्वयंसेविका, हातात टॉर्च आणि खांद्याला पिशवी घेऊन घरोघरी जाते. पिंपाचं झाकण उचलते, टॉर्चच्या उजेडात पाण्याच्या कडेला वळवळणारी डासांची अळी शोधते, कुंडीखालची ताटली उलटी करते, फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघायला सांगते. रजिस्टरमध्ये घर क्रमांक, किती भांडी तपासली, किती दूषित निघाली हे लिहिते. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पिंप रिकामं करून घासा, असं सांगते. घरातली बाई म्हणते, ताई, पाणी दिवसाआड येतं, भरलेलं पिंप ओतू कुठं? या प्रश्नाचं उत्तर आशाताईच्या पिशवीत नाही. मग ती तिशीच्या वरच्या माणसांची माहिती विचारते, कुणाला शुगर, कुणाला बीपी, कोण तंबाखू खातं. सासूबाई गोळ्या मध्येच थांबवल्याचं कबूल करतात, कारण बरं वाटत होतं. त्या गोळ्या पुन्हा सुरू करून घ्यायला आशाताईला त्याच घराची पायरी आणखी चार वेळा चढावी लागते, एकदा सासूबाई झोपलेल्या, एकदा घराला कुलूप. हे घडलं तर पुढच्या काही वर्षांतला एक पक्षाघात टळतो. टळलेल्या पक्षाघाताची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणूनच अंदाजपत्रकात त्याला वाली नसतो.

हे काम करणाऱ्या बाईला आपण काय देतो? ती सरकारी कर्मचारी नाही. तिला कामागणिक मोबदला आणि वर काही ठरीव मानधन मिळतं. नोव्हेंबर 2023 मध्ये संप सुरू असताना राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी आशांना 7 हजार रुपये वाढ जाहीर केली. शासन निर्णय निघाला नाही. अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये हजारो आशा शहापूरहून ठाण्यापर्यंत रस्त्याने चालत आल्या, तिथून मुंबईच्या आझाद मैदानात जाऊन बसल्या, तेव्हा मार्चमध्ये 5 हजारांची वाढ हातात पडली. नाशिक महामार्गावरून आलेला तो मोर्चा ठाणेकरांनी पाहिला. ज्या बायका आपल्या वस्त्यांचं आरोग्य सांभाळतात, त्यांना जाहीर झालेल्या रकमेच्या कागदासाठी उन्हात चालावं लागलं, हे मला आजही अस्वस्थ करतं. त्या दिवसांत जे बाळ लसीकरणाला आलं नाही, ज्या गरोदर बाईची नोंदणी राहिली, त्यांचा हिशेब कुणी मांडला? 2022 च्या अखेरीस मुंबईत, भिवंडीत आणि मालेगावात गोवर उसळला, मुलं दगावली. गोवराची लस काही नवी नाही. घरापर्यंत जाऊन आईबापांशी बोलणारी यंत्रणा जिथे पातळ झाली, तिथे तो आला.

जनजागृतीवर चिडणाऱ्यांचा राग मात्र बराचसा रास्त आहे. आपल्याकडे या नावाखाली जे चालतं त्यातलं पुष्कळ काही मार्चअखेरचा खर्च असतो. फेब्रुवारी उजाडला की लेखाशीर्षातला, म्हणजे अंदाजपत्रकात त्या कामाच्या नावे ठेवलेला, उरलेला पैसा संपवायची घाई होते. मग फलक छापले जातात, त्यावर आजारापेक्षा चेहरे मोठे असतात, एखादी रॅली निघते, टोप्या आणि टी-शर्ट वाटले जातात. त्याहून गंभीर आक्षेप असा, की गरिबाला ‘ताजी फळं खा, रोज चाला’ असं सांगणं म्हणजे त्याच्या परिस्थितीचा दोष त्याच्याच माथी मारणं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1986 च्या ओटावा सनदेतही आरोग्यसंवर्धनाची व्याख्या करताना उपदेशाला दुय्यम स्थान आहे. निरोगी धोरणं, निरोगी परिसर आणि लोकांच्या हाती निर्णय, यांवर तिचा भर आहे. लोकमान्यनगरातल्या त्या पिंपाचा प्रश्न पाण्याचा आहे आणि तो आशाताईच्या रजिस्टरमधून पाणीपुरवठा खात्याच्या टेबलावर पोहोचला, तरच तिच्या फेरीला अर्थ आहे. नवी मुंबई महापालिकेने 2002 मध्ये मोरबे धरण विकत घेतलं. एका महापालिकेने स्वतःचं धरण घ्यावं, हे त्या वेळी अनेकांना अवाजवी वाटलं असेल; पण शहराला भरवशाचं पाणी मिळणं हे माझ्या लेखी या महानगरातलं आरोग्यसंवर्धनाचं सर्वांत मोठं काम आहे. ठाण्याला मात्र आजही स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून पाणी घ्यावं लागतं, आणि घोडबंदर रस्त्यावर टँकर रांगेने उभे दिसतात. फलकबाजी वाईट म्हणून आरोग्यसंवर्धनच नको असं म्हणणाऱ्यांनी मोरबेचं पाणी कशात धरायचं ते सांगावं. फलकांवरचा इलाज सोपा आहे आणि तो कायद्यातच लिहिता येतो. त्याकडे पुढे येईन.

पैसा येतो तेव्हा कसा येतो? बहुधा प्रकल्पाच्या रूपाने, मुदत बांधून. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998 पासून सुमारे दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. अगदी जुजबी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने गर्भाशयमुखाची तपासणी करायची, एवढीच पद्धत. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. खर्च नगण्य, यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. या अभ्यासाचा पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून आला होता. परक्या पैशाने सिद्ध केलेली, आपल्याच वस्तीत तावून सुलाखून निघालेली ही तपासणी आज मुंब्र्यातल्या, दिघ्यातल्या प्रत्येक बाईला दर दोन वर्षांनी का मिळत नाही? कारण अभ्यासाला अनुदान असतं, रोजच्या कामाला नसतं. 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएड या आपल्या परदेशी मदत संस्थेचा गाशा गुंडाळला तेव्हा आफ्रिकेतल्या कित्येक देशांत एचआयव्ही आणि क्षयरोगाची वस्तीपातळीवरची कामं काही आठवड्यांत ठप्प झाली. आपण तेवढे परावलंबी नाही हे खरं, पण मुदतीच्या पैशाची सवय आपल्यालाही आहे. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली, त्यातून शहरांत आरोग्यवर्धिनी केंद्रं उघडली. चांगलं झालं. पण केंद्रातल्या परिचारिकेची नोकरी वित्त आयोगाच्या मुदतीशी बांधलेली असेल, तर तिने वस्तीशी वीस वर्षांचं नातं कसं जोडावं?

याउलट पल्स पोलिओ आठवा. 1995 मध्ये देशभर सुरुवात झाली, शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला, मार्च 2014 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. मधल्या वर्षांत अपयश आलं, अफवा उठल्या, काही भागांत दारं बंद झाली, रुग्णसंख्या पुन्हा वाढली. तरी रविवारचे बूथ लागत राहिले आणि सोमवारपासून घरोघरच्या फेऱ्या होत राहिल्या, कारण पैसा थांबला नाही. ज्यांना आजार टाळण्याच्या कामाचे परिणाम दिसत नाहीत असं वाटतं, त्यांना माझा एवढाच प्रश्न आहे: सोळा वर्षं न थांबता पैसा पुरवलेलं दुसरं असं कोणतं काम आपण करून पाहिलं?

घाबरल्यावर मात्र आपण सढळ होतो, आणि हा स्वभाव जुना आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या, तेव्हा 1898 मध्ये इंग्रज सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. हवा आणि उजेड हाही आरोग्याचाच खर्च आहे, हे व्यापाराचं नुकसान झाल्यावर पटलं. त्याआधी पटलं नव्हतं. सव्वाशे वर्षांनी कोविड आला तेव्हा ठाण्यात ग्लोबल हबमध्ये आणि वाशीत सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात पाहता पाहता मोठी रुग्णालयं उभी राहिली. ते करायलाच हवं होतं आणि ज्यांनी केलं त्यांचे उपकार आहेत. पण साथ ओसरली आणि घाईने नेमलेली माणसं घरी गेली. घराघरांत जाऊन ऑक्सिजन मोजायला शिकलेली ती माणसं रक्तदाब मोजायला ठेवता आली असती. त्यांच्या पगाराचं लेखाशीर्ष कुठे होतं?

इथे मला 1972 च्या दुष्काळाकडे जायचं आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेलं आहे. त्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. योजना चालवायची तर पैसा कुठून, हा प्रश्न तेव्हाही आला. सरकारने 1975 मध्ये खास त्यासाठी व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या आणि व्यावसायिकाच्या कमाईतून थोडासा वाटा खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी. 1977 चा कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, त्यात रोजगार हमीचा स्वतंत्र निधी आला आणि करातून जेवढं जमेल तेवढीच भर राज्याने घालायची असं ठरलं. ठाण्यातल्या कुणाही नोकरदाराने आपली पगाराची स्लिप काढून बघावी: दरमहा 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500 रुपये. ही घटनेच्या 276 व्या कलमाने घातलेली कमाल मर्यादा आहे. दुकानगाळ्याच्या मालमत्ता कराच्या बिलात रोजगार हमी उपकराची वेगळी ओळ असते, आणि त्याच बिलात वृक्ष उपकरही असतो. झाडांसाठी ओळ आहे, मजुरीसाठी ओळ आहे. आजार टाळण्यासाठी नाही. पुढे 2005 मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. एका राज्याने सामान्य पगारदाराच्या खिशातून, ठरलेल्या कारणासाठी, वर्षानुवर्षं पैसा उभा केला. पुढे अशीही वर्षं आली की कर जास्त जमला आणि योजनेवर खर्च कमी झाला, हेही सांगायला हवं. निधी असणं आणि तो खर्ची पडणं यांत अंतर राहतं, आणि नवा निधी बांधताना हा धडा विसरून चालणार नाही.

बाहेरच्या देशांनी हेच आरोग्यासाठी केलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1987 मध्ये तंबाखूवरच्या करातून व्हिकहेल्थ ही संस्था उभी केली आणि सुरुवातीच्या पैशातून खेळाच्या संघांना असलेलं सिगारेट कंपन्यांचं प्रायोजकत्व विकत घेऊन टाकलं. थायलंड तर आपल्यासारखाच विकसनशील देश. 2001 मध्ये तिथे कायद्याने थायहेल्थ स्थापन झाली: दारू आणि तंबाखूच्या उत्पादन शुल्कावर आणखी 2 टक्के अधिभार, तो उत्पादकांनी भरायचा, आणि रक्कम थेट त्या संस्थेकडे जायची. 1991 मध्ये तिथे 32 टक्के प्रौढ धूम्रपान करत, 2017 पर्यंत ते प्रमाण 19 टक्क्यांच्या आसपास आलं. सगळं श्रेय थायहेल्थला देणं चूक ठरेल, कर आणि जाहिरातबंदीही सोबत होतीच. पण त्या कर आणि बंदीच्या मागे लोकमत उभं करायला, तंबाखू कंपन्यांच्या दबावापुढे टिकून राहायला, एक स्थिर संस्था होती. फिलिपिन्सने 2012 मध्ये सिगारेट आणि दारूवरचा कर मोठ्या प्रमाणात वाढवून वाढीव उत्पन्नाचा मोठा हिस्सा आरोग्याला, विशेषतः गरिबांच्या आरोग्य विम्याला, बांधून दिला. तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण 2009 मध्ये सुमारे 30 टक्के होतं, 2015 मध्ये 24 च्या आसपास उतरलं. महसूल मात्र घटला नाही, चांगलाच वाढला. ‘लोकांनी सोडलं तर निधी आटेल’ या भीतीला फिलिपिन्सने आकड्यांनी उत्तर दिलं आहे. आणि समजा, तीस-चाळीस वर्षांनी लोकांनी खरोखरच सोडलं आणि निधी आटला, तर त्या दिवशी खर्चही कमी झालेला असेल.

अर्थशास्त्र्यांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, एखाद्या कराचं उत्पन्न एकाच कामाला बांधलं की अर्थमंत्र्याचे हात बांधले जातात. आज आरोग्य, उद्या क्रीडा, परवा संस्कृती, मग अंदाजपत्रकाला अर्थ काय? शिवाय उपकरांचा आपला अनुभव वाईट आहे. 2018-19 मध्ये 35 उपकर आणि अधिभारांतून केंद्राकडे सुमारे 2.75 लाख कोटी रुपये आले आणि त्यांतले 1.64 लाख कोटीच ठरलेल्या राखीव निधींत गेले, असं महालेखापरीक्षकांनी नोंदवलं. प्राप्तिकरावर 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर 2018 पासून आपण सगळे भरतो, आणि उपकर असल्यामुळे त्यात राज्यांना वाटा नसतो. 2025 च्या हिवाळी अधिवेशनात पानमसाल्यावर आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षा अशा दोन्ही कारणांसाठी मिळून उपकर आला. एवढी रुंद झोळी असली की वस्तीतल्या फेरीपर्यंत काय पोहोचेल? स्वायत्त संस्थाही अमर नसतात. मलेशियाची आरोग्यसंवर्धन संस्था 2006 मध्ये निघाली, 2019 मध्ये गुंडाळली. थायहेल्थच्या संचालक मंडळातल्या सात जणांना जानेवारी 2016 मध्ये लष्करी सरकारने एका आदेशाने काढलं.

हे सगळं खरं मानूनही माझं मत बदलत नाही, त्याचं कारण सांगतो. अर्थमंत्र्याचे हात मोकळे ठेवण्याचा युक्तिवाद तेव्हा शोभेल, जेव्हा मोकळ्या हातांनी या कामाला कधी पुरेसं दिलं असेल. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचं आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक आरोग्यसेवेला देण्याचं लिहिलं होतं. 2021-22 मध्ये, कोविड असूनही, तो 1.84 टक्के होता. राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या 8 टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावा, असंही त्यात होतं. धोरणाला दात नसतात, कायद्याला असतात. रुग्णालयाला बंधनकारक निधी लागत नाही, कारण खाट नसली की लोक रस्त्यावर येतात आणि सरकारला पैसे काढावेच लागतात. जो आजार अजून झालेलाच नाही, त्याच्यासाठी कोण मोर्चा काढणार? ज्या कामामागे दबाव निर्माण होऊ शकत नाही, त्याच कामाला कायद्याचं कुंपण द्यायचं असतं. व्हिक्टोरियाचं पुढचं उदाहरणही इथे उपयोगी आहे: 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा तो तंबाखूवरचा कर घटनाबाह्य ठरवला, पण संस्था कायद्याने उभी असल्यामुळे सरकारला तिचा पैसा तिजोरीतून द्यावा लागला. उगम आटला तरी काम थांबलं नाही. केंद्राचे उपकर वळवले जातात, हा दोष सैल शब्दांत लिहिलेल्या कायद्यांचा आहे. त्यावर उपाय घट्ट कायदा हाच.

मग पैसा कुठला? महापालिकांकडे पाहू नका. ठाण्याची जकात 2013 मध्ये गेली, एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला, 2017 मध्ये जीएसटी आला. नवी मुंबईचा उपकरही याच वाटेने गेला. आज दोन्ही शहरं राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून असतात. तंबाखूवरचा कर जीएसटी आणि केंद्राच्या हातात आहे. पिण्याच्या दारूवरचं उत्पादन शुल्क मात्र अजून पूर्णपणे राज्याचं आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते वाढवलं आणि त्यातून 14 हजार कोटींचं जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचं सांगितलं. थायलंडच्या धर्तीवर केवळ या वाढीच्या 2 टक्के बांधून दिले तरी 280 कोटी होतात. राज्यात साधारण 70 हजार आशा आहेत. म्हणजे प्रत्येकीमागे वर्षाला 40 हजार रुपये. सगळ्या दारू उत्पादन शुल्कावर अधिभार लावला तर आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, शहरी आरोग्यसेविका, रक्तदाबाची यंत्रं, गर्भाशयमुखाची तपासणी, सगळं त्यात बसतं.

दारूबंदीच्या चळवळीतल्या मित्रांना हे रुचणार नाही. दारूच्या पैशातून आरोग्य कसलं, असं ते विचारतील. गडचिरोलीने 1993 पासून बंदी टिकवली आणि चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठवली गेली, हे ते विसरलेले नाहीत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण राज्य तो पैसा आज घेतंच आहे आणि त्यातला एकही रुपया पिणाऱ्याच्या घरातल्या बायकोमुलांसाठी बांधलेला नाही. घेतलेल्यातला हिस्सा परत मागणं म्हणजे विक्रीला मान्यता देणं नव्हे. असे कर गरिबावर जास्त पडतात हेही खरं, आणि म्हणूनच पैसा त्याच्याच वस्तीत परत गेला पाहिजे, हे निधीवाटपाच्या सूत्रात आकड्यांनी लिहिलं पाहिजे: मुंब्रा, दिवा, कळवा, दिघा, तुर्भे स्टोअर, भिवंडी यांना लोकसंख्येपेक्षा जास्त वाटा.

बाकी कायद्यात काय हवं ते फार नाही. निधीचा निदान तीन चतुर्थांश भाग माणसांच्या पगारावर खर्च व्हावा. छपाई, फलक, जाहिरात यांवर शंभरातले पाच रुपयेही नकोत, आणि फलकावर कुणा पदाधिकाऱ्याचा फोटो नको. उरलेला पैसा मार्चअखेर व्यपगत होऊ नये, पुढच्या वर्षात ओढता यावा, म्हणजे फेब्रुवारीतली घाईच संपेल. व्हिक्टोरियाने खेळांचं प्रायोजकत्व विकत घेतलं, तसं ठाण्यात दहीहंडीच्या आणि गणपतीच्या मंडळांना या निधीतून मदत देता यावी, अट एकच, की कमानीवर पानमसाल्याची किंवा दारूच्या नावाच्या सोड्याची जाहिरात नको. गोविंदा पथकातली पोरं ज्या वयात पहिली पुडी फोडतात, त्या वयात त्यांच्या टी-शर्टवर काय छापलेलं असतं हे महत्त्वाचं आहे. नियामक मंडळात आशांच्या निवडलेल्या प्रतिनिधी बहुमताने नसल्या तरी निदान एक तृतीयांश असाव्यात, पाणीपुरवठा खात्याचा अधिकारी पदसिद्ध असावा, आणि आशांच्या रजिस्टरमधून निघालेल्या पाणी-गटाराच्या तक्रारींचा निपटारा दर तीन महिन्यांनी प्रभाग समितीत वाचून दाखवावा. आणि एक कलम सर्वांत वर: मानधन दर महिन्याच्या 5 तारखेला बँकेत जमा झालं पाहिजे, उशीर झाल्यास व्याजासह, आणि जाहीर झालेल्या वाढीचा शासन निर्णय 30 दिवसांत निघाला नाही, तर वाढ आपोआप लागू धरावी.